पहाटेचा योगवर्ग: शहरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आजूबाजूला माणसं भरपूर आणि आपलं म्हणावं असं कोणी नाही, हे दुखणं घेऊन योगवर्गात येणारे कमी नसतात. फक्त ते तसं सांगत नाहीत. कंबर धरते म्हणतात, झोप लागत नाही म्हणतात, वजन वाढलंय म्हणतात. दोन-तीन महिन्यांनी कंबरेचं काय झालं ते सांगायचं राहून जातं, पण वर्गाला एक दिवस सुट्टी पडली की चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. आसनांची चित्रं आणि व्हिडिओ कुठेही मिळतील, म्हणून इथे भर आहे तो वर्ग कसा निवडायचा, पहिले काही आठवडे कसे काढायचे आणि तिथल्या माणसांत कसं मिसळायचं यावर. मन शांत होणं आणि चार माणसं आपली होणं, या दोन्ही गोष्टी मागितल्याने मिळत नाहीत. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच माणसांत जात राहिलं की त्या मागाहून येतात. त्यामुळे कुठलाही निर्णय घेताना एवढंच बघा: याने उद्या पुन्हा जाणं सोपं होतंय की अवघड?

आधी अंतर बघा, प्रकार नंतर

नवखे लोक आधी विचारतात, 'कोणता योग चांगला?' खरं तर आधी विचारायला हवं, 'चालत किती वेळ लागतो?' पंधरा मिनिटांच्या आत पायी पोचता येईल असा साधा वर्ग हा तासाभराच्या अंतरावरच्या नावाजलेल्या वर्गापेक्षा कधीही बरा. पहाटे साडेपाचला प्रवासाचा विचार मनात आला की पांघरूण जिंकतं.

प्रकारांबद्दल थोडक्यात. अय्यंगार पद्धतीत एकेका आसनात जास्त वेळ थांबवतात आणि पट्टा, ठोकळा, घडी घातलेलं ब्लँकेट असा आधार देतात. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी रुळवलेली ही पद्धत ताठर शरीराच्या माणसाला फार सोयीची. अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असतो आणि श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्यात जायचं असतं. त्यात घाम निघतो. शिवानंद परंपरेत बारा मूळ आसनांभोवती सगळा वर्ग फिरतो. बाकी बहुतेक ठिकाणी 'हठयोग' या नावाखाली थोडं थोडं सगळं असतं, आणि सुरुवातीला तेही पुरतं. शेकडो आसनं यायलाच हवीत असं दडपण घेऊ नका. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांपैकी हठप्रदीपिकेत पंधराच आसनं सांगितली आहेत, घेरंडसंहितेत बत्तीस.

बागेतला मोफत गट घ्यावा की फी भरून बंदिस्त वर्ग? बागेत ओळखी लवकर होतात, पण चाळीस जणांमध्ये तुमचा गुडघा कुठे वळतोय हे कोणी बघत नाही. माझं मत असं, की पहिले तीन महिने दहा-पंधरा जणांच्या वर्गात काढावेत, शरीराला वळण लागलं की हवं तर बागेत जावं.

बागेचं आणखी एक. पहाटेची हवा स्वच्छच असते असं आपण धरून चालतो, पण थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या ऊबदार थराखाली अडकते आणि शहराचा धूर, धूळ तिच्यातच साचून राहते. ऊन तापू लागल्यावर ती हलते. म्हणून थंडीच्या दिवसांत हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (AQI) बघून जा. वाईट असेल त्या दिवशी उघड्यावर जोरजोरात श्वास घेण्यापेक्षा घरात बसलेलं बरं.

फी भरण्याआधी एक वर्ग बघू द्या म्हणावं. बघताना शिक्षक समोर बसून स्वतःच आसनं करतायत की उठून लोकांमध्ये फिरतायत, याकडे लक्ष ठेवा. आणि तुम्हाला रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल न विचारताच मॅट अंथरायला सांगितली, तर दुसरा वर्ग शोधा. वर्षाची फी एकरकमी भरायची सवलत कितीही गोड वाटली तरी पहिल्यांदा महिन्याचीच भरा. २१ जूनच्या सुमारास जागोजागी मोठी शिबिरं भरतात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. तिथे जरूर जा, पण वर्ग निवडताना जुलैच्या मधल्या आठवड्यात तिथे कोण उरलंय ते बघा.

पहाट म्हणजे नेमकं किती वाजता

परंपरेने ब्राह्ममुहूर्त सांगितला आहे. तो सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. ज्याला जमतं त्याने तो पाळावा. पण रात्री बाराला झोपून चारला उठणारा माणूस आठवडाभरात वर्गही सोडतो आणि घरच्यांवर खेकसतोही. मोठ्या माणसाला रात्रीची किमान सात तास झोप लागते. वर्ग सहाचा असेल तर उठायची वेळ साडेपाच धरून उलटं मोजा: साडेदहाला दिवा बंद.

एकदम दोन तास अलीकडे सरकायला जाऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी गजर पंधरा मिनिटं अलीकडे घ्या आणि उठल्या-उठल्या उजेडात जा. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेंदूतलं घड्याळ पुढे सरकतं आणि त्या रात्री झोप आपसूक लवकर येते. रविवारी दहापर्यंत लोळलात तर सोमवारी पहिल्यापासून सुरुवात.

संध्याकाळ का नको, असं विचाराल. शहरात संध्याकाळ आपली नसते. मीटिंग लांबते, पाहुणे येतात, गाडी चुकते. सकाळी सहाला मात्र कोणाचंच आपल्याकडे काम नसतं.

आदल्या रात्री

कपडे, पाण्याची बाटली आणि मॅट दाराशी. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकलं तर सकाळी पोट हलकं राहतं. आसनं रिकाम्या पोटीच करायची.

मॅट लगेच विकत घेऊ नका, पहिला आठवडा वर्गातली चालते. घ्याल तेव्हा चार ते सहा मिलिमीटर जाडीची घ्या. दहा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट गुडघ्यांना बरी वाटते, पण वृक्षासनात, म्हणजे एका पायावर उभं राहताना, तिच्यावर पाय डगमगतो. सुती सतरंजी बसून आणि झोपून करायच्या आसनांना उत्तम, उभ्या आसनांत मात्र गुळगुळीत फरशीवर सरकते.

पहिल्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोचा, शिक्षकांना जुनी दुखणी सांगा, फोन बंद करा. बसायला दुसरी किंवा तिसरी ओळ चांगली, कारण मान कुठेही वळवली तरी बघून करायला समोर कोणीतरी असतं.

जागेची एक गंमत आहे. रिकाम्या हॉलमध्ये कुठेही मॅट टाकता येईल असं वाटतं, पण खिडकीजवळची जागा एका काकूंची असते आणि भिंतीलगतची एका आजोबांची, कारण त्यांना उभं राहताना हात टेकवावा लागतो. कुठे पाटी नसते आणि कोणी उठवतही नाही. काकू येतात, तुमच्याकडे बघून हसतात, शेजारी मॅट टाकतात आणि तासभर किंचित अस्वस्थ असतात. म्हणून मॅट टाकण्याआधी 'इथे कोणी असतं का हो?' एवढं विचारा. पहिली ओळख बहुधा याच प्रश्नातून होते.

तासाभरात काय काय होतं

सुरुवातीला ओंकार किंवा प्रार्थना असते. ती म्हणायची नसेल तर डोळे मिटून शांत बसा, कोणी काही म्हणत नाही.

मग शिथिलीकरण: मान, खांदे, मनगटं, घोटे. नवख्यांना हा भाग पोरकट वाटतो, पण पहाटे त्याची खरी गरज असते. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एखाद सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा फुगलेल्या चकत्यांवर खाली वाकताना जास्त ताण येतो आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात तो सर्वाधिक असतो. म्हणून वीस मिनिटांपूर्वी अंथरुणातून उठलेल्या माणसाने पाय ताठ ठेवून जमिनीला हात लावायची शर्यत करू नये. पादहस्तासनात गुडघे खुशाल वाकवा. पश्चिमोत्तानासनासारखी खोल वाकायची आसनं तासाच्या उत्तरार्धात आलेली बरी, आणि कंबरेचं दुखणं असेल तर ती संध्याकाळसाठी ठेवावीत.

सूर्यनमस्कार बारा स्थितींचा. पहिल्या आठवड्यात दोन ते चार पुरेत, शेजारचे बारा घालत असले तरी. बहुतेकांचं अडतं ते पर्वतासनात. हात-पाय जमिनीवर, कंबर वर, आणि दहा सेकंदांत मनगटं बोंबलू लागतात. बघा, बोटं जवळजवळ असतील आणि सगळा भार तळहाताच्या मागच्या कडेवर असेल. बोटं फाकवा, अंगठा आणि तर्जनी यांच्या बुडाशी जमीन दाबा, गुडघे थोडे वाकवा आणि बसायची हाडं मागे-वर ढकला. पाठ लांब झाली की मनगटावरचं ओझं तिथल्या तिथे हलकं होतं. टाचा टेकल्या नाहीत तरी बिघडत नाही, अनेकांच्या कधीच टेकत नाहीत.

पद्मासनाचा हट्ट धरू नका. पाय वळायला हवा तो खुब्यातून. खुबा वळला नाही की पीळ गुडघ्यात जातो, आणि गुडघा पिळायला बनलेला नाही. सुखासनात ढुंगणाखाली जाड घडी घ्या, म्हणजे गुडघे खुब्यांच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. मांडी घालून बसायची सवय सुटलेल्यांनी खुर्चीवर बसून प्राणायाम केला तरी चालतो.

किती ताणायचं याचं मोजमाप योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी तीन शब्दांत दिलं आहे: स्थिरसुखमासनम्. तुम्ही स्थिर आहात का आणि सुखात आहात का, एवढंच तपासायचं. सर्वांत सोपी परीक्षा श्वासाची. नाकाने सावकाश श्वास चालू आहे तोवर ठीक. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले, की दोन पावलं मागे. स्नायूच्या मध्यावर जाणवणारी ओढ चालते. सांध्यात टोचणं, पायात मुंग्या, कळ उठणं चालत नाही.

काही गोष्टी आधी डॉक्टरांना विचारूनच करायच्या. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन अशी उलटी आसनं नकोत, कारण शीर्षासनात डोळ्यांतला दाब बराच वाढतो. अनियंत्रित रक्तदाब, मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तरी ती टाळा. उच्च रक्तदाब, हर्निया, हृदयविकार, गरोदरपण यांत कपालभाती (पोट आत ओढत झटक्याने श्वास सोडत राहणं) नको, आणि धडधाकट माणसानेही ती पहिल्या दिवशी शेजाऱ्याचं बघून जोरात सुरू करू नये. ताप असेल तर घरीच थांबा.

प्राणायामात सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा: उच्छ्वास श्वासापेक्षा लांब. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, घेताना वाढतात, हे नाडीवर बोट ठेवूनही कळतं. चार आकडे मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा श्वास. पाच मिनिटं असं बसलं की खांदे खाली येतात. अनुलोम-विलोम हळूहळू जमतो: डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा, हे एक आवर्तन. श्वास रोखून धरायचा कुंभक मात्र शिक्षक सांगतील तेव्हाच. मन या काळात ऑफिसची यादी करत बसेल. करू दे. लक्षात आलं की पुन्हा आकड्यांवर या. तुमच्या शेजारी डोळे मिटून बसलेल्या तपस्वी दिसणाऱ्या माणसाच्या डोक्यातही बहुधा गॅसचा नंबर लावायचं चाललेलं असतं.

शेवटी शवासन. गाडी गाठायची म्हणून लोक नेमकं हेच सोडून पळतात. किमान पाच मिनिटं द्या. घाम सुकला की अंग गार पडतं, म्हणून अंगावर घ्यायला ओढणी किंवा चादर ठेवा. कोणी घोरतं, कोणाच्या डोळ्यांतून पाणी येतं, दोन्हींकडे कोणी वळून बघत नाही. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा.

माणसांत मिसळणं

योगवर्ग हा बुजऱ्या माणसाचा मित्र आहे. पार्टीत काही बोलावं लागतं, इथे तासभर न बोलताही सोबत घडते. एकाच वेळी वीस जण श्वास सोडतात तेव्हा तो आवाज तुमच्यासकट असतो. चपला बाहेर राहतात आणि हुद्देही. सत्तरीच्या आजी सहज कंबरेत दुमडतात आणि पंचविशीतल्या तरुणाला मांडी घालता येत नाही, त्यामुळे कोणाला फार मिरवताही येत नाही.

पण नुसतं येऊन-जाऊन ओळख होत नाही, त्याला थोडं खतपाणी लागतं. रोज एकाच जागी मॅट टाका, म्हणजे शेजारी ठरतो. पहिल्या आठवड्यात डाव्या-उजव्या माणसाचं नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी ते वापरा. नोकरी, पगार, लग्न हे विषय पहिल्याच दिवशी काढू नका, गुडघेदुखी हा सगळ्यांत सुरक्षित विषय आहे. वर्ग संपल्यावर लगेच निघू नका. त्या दहा मिनिटांतच दवाखान्याचा पत्ता मिळतो, खोली भाड्याने कुठे आहे ते कळतं, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे ते कळतं.

आणि एखादं काम अंगावर घ्या. खिडक्या उघडणं, सतरंज्या घड्या घालून कपाटात ठेवणं, हजेरी लिहिणं, काहीही. ज्याच्याकडे हॉलची किल्ली असते त्याचा वर्ग कधी बुडत नाही, कारण बाहेर पायरीवर पाच जण त्याची वाट बघत असतात. नवख्याला किल्ली मिळत नाही, पण सतरंज्यांच्या घड्या नक्की मिळतात.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर सुप्रभातचे फुलांचे फोटो सहन करावे लागतील. आवाज बंद ठेवा, ग्रुप सोडू नका. येणार नसाल तेव्हा एक ओळ टाका. मग एखाद्या दिवशी न सांगता दांडी मारलीत की दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारेल, 'काल दिसला नाहीत?' हा प्रश्न ज्याला विचारला गेला तो त्या वर्गाचा झाला. तुम्हीही तो इतरांना विचारायला लागा.

काही ठिकाणी सावध राहावं लागतं. वर्गाच्या आडून चूर्णं, विमा किंवा आणखी काही विकणारे भेटतात, त्यांना हसून नाही म्हणावं. 'गोळ्या बंद करा, योगानेच साखर जाईल' असं सांगणाऱ्या शिक्षकाचा वर्ग त्याच दिवशी सोडावा. योगाचा शरीरावर होणारा परिणाम तपासण्याची रीत जुनी आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून प्रयोगशाळेत ते काम चालवलं. तेव्हा 'हे का करायचं?' असं विचारल्यावर रागावणारा शिक्षक काही कामाचा नाही. आसन सुधारताना हात लावलेला नको असेल तर स्पष्ट सांगा. चांगले शिक्षक आधी विचारतात.

उत्साह ओसरतो तेव्हा

नव्याची नवलाई दोन-तीन आठवडे टिकते. मग एका पहाटे पाऊस असतो, दुसऱ्या पहाटे रात्रीची जागरणं. रोज जाण्याचा संकल्प मोडला की माणूस पूर्णच सोडतो, म्हणून सुरुवातीला आठवड्यातले तीन वार ठरवा आणि तेवढे पाळा. उशीर झाला म्हणून परत फिरू नका. शेवटच्या ओळीत मॅट टाका, दोन मिनिटं स्वतःपुरतं शिथिलीकरण करा आणि चालू असेल तिथून जोडून घ्या.

गावाला गेलात किंवा वर्ग बंद असेल तर घरी वीस मिनिटांचा हा क्रम चालतो: पाठीवर पडून दीर्घश्वसन दोन मिनिटं, पवनमुक्तासन एकेका पायाने, मग मार्जारासन आठ-दहा वेळा, ताडासन, गुडघे वाकवून पर्वतासन, भुजंगासन, बालासन, बसून सोपा पीळ दोन्ही बाजूंनी, पाच मिनिटं चार-सहाचा श्वास आणि उरलेला वेळ शवासन.

तीन महिने नियमित जाऊनही तिथे कोणाला तुमचं नाव माहीत नसेल आणि शिक्षकांनी एकदाही तुमचा खांदा नीट करायला सांगितलं नसेल, तर वर्ग बदला. तसं शिक्षकांना सांगून निघा, न सांगता गायब होऊ नका, शहरात परत भेट होतेच. नवीन वर्ग मिळेपर्यंत उठायची वेळ मात्र सोडू नका आणि ती वरच्या क्रमाने भरून काढा. एकदा ती घसरली की पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांनी गजर मागे आणत बसावं लागतं.